दिवसा चालतं, रात्री बिघडतं: सीसीटीव्हीच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

बीएनसी (व्हिडिओ केबलचा जोड) जोडणं, डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी) बसवणं, मोबाइलवर चित्र आणून देणं, हे सगळं पंधरा दिवसांत हाताला बसतं. त्यावर इथे वेळ घालवत नाही. नवा माणूस अडकतो तो रात्रीच्या चित्रावर. दुपारी चारला स्वच्छ चित्र दाखवून निघावं आणि रात्री साडेआठला फोन यावा, "अहो, सगळं धुरकट दिसतंय, मधूनच कॅमेरा बंद पडतोय!" अशा वेळी पोटात गोळा येतो. घाबरू नका. कारणं मोजकी आहेत, आणि बहुतेक वेळा कॅमेरा खराब नसतो.

सगळ्यात जास्त फसवणारं कारण आधी घेतो, ते म्हणजे व्होल्टेज. अंधार पडला की सेन्सरपुढचा फिल्टर 'टक्' आवाज करून सरकतो आणि आयआर एलईडी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश देणारे दिवे, पेटतात. दिवसा साधारण ०.१५ अँपिअर घेणारा बुलेट (नळकांड्याच्या आकाराचा) कॅमेरा रात्री ०.४ पर्यंत जातो. आता सप्लाय १२ व्होल्टचा धरून हिशेब करा. थ्री प्लस वन केबलमधली (तीन साध्या तारा आणि एक व्हिडिओची) पॉवरची तार ०.२ चौरस मिलिमीटरची, कॅमेरा ४० मीटरवर. जाणारी आणि येणारी मिळून ८० मीटर तार. तांब्याची असेल तर रोध ७ ओहमच्या आसपास. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर साडेदहाच्या पुढे. या दुसऱ्या तारेवर दिवसा १.६ व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्याला १०.४ मिळतात, तेवढ्यावर तो चालतो. रात्री ४ व्होल्टपेक्षा जास्त गळतात आणि हाती उरतात पावणेआठ. मग चित्रात आडव्या पट्ट्या फिरतात, आयआर मंद पडतो, नाहीतर कॅमेरा दर मिनिटाला बंद-चालू होतो. आयआर पेटला की बंद, बंद झाला की पुन्हा चालू. त्यात व्होल्टेज घसरलं की बरेच कॅमेरे उलट जास्त करंट ओढतात, म्हणजे घसरण आणखी वाढते.

आता खरी फसगत. तक्रार आली की शिडीवर चढून डीसी पिन (कॅमेऱ्याला पॉवर देणारी) काढायची, मल्टिमीटर लावायचा, १२.१ दिसलं की "सप्लाय बरोबर आहे, कॅमेरा बदला" म्हणायचं. हे मोजमाप शून्य कामाचं आहे. पिन काढली की करंट वाहत नाही, आणि करंट नसेल तर कितीही खराब तारेच्या टोकाला पूर्ण १२ दिसणारच. मोजायचं ते कॅमेरा जोडलेला आणि आयआर पेटलेला असताना. स्क्रूची डीसी पिन वापरा, म्हणजे प्रोब स्क्रूवर टेकवता येतात. रात्रीची वाट बघायची गरज नाही. एलईडींच्या मधला छोटा प्रकाश-सेन्सर अंगठ्याने झाका. काहींना वेगळा सेन्सर नसतो, तिथे सेटिंगमधून नाइट मोड लावा. 'टक्' ऐकू आलं की मीटरकडे बघा. पिन काढून १२ आणि आयआर पेटल्यावर ८ दिसले तर रोग बहुधा तारेत, जोडात किंवा सप्लायमध्ये आहे, कॅमेऱ्यात नाही. मोजमाप असं केलं नाही तर तुम्ही चांगले कॅमेरे बदलत राहाल आणि तक्रार तिथेच राहील.

उपाय तीन. पॉवरसाठी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी तार ओढा. तेवढ्याच ४० मीटरवर अर्धा व्होल्टच गळेल. किंवा कॅमेऱ्याजवळ पाणीबंद डब्यात १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर द्या, पण २३० व्होल्टची तार व्हिडिओ केबलच्या पाइपातून नेऊ नका. तिसरा, एसएमपीएसचा (सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणाऱ्या पेटीचा) स्क्रू फिरवून व्होल्टेज थोडं वाढवणं. हा मला आवडत नाही. जवळच्या कॅमेऱ्यांना ते वाढीव व्होल्टेज जवळपास पूर्ण मिळतं, त्यामुळे त्यांच्या लेबलवरची मर्यादा वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

केबल घेताना ब्लेडने तार खरवडा. वर तांबडी आणि आत पांढरी असेल तर ती ॲल्युमिनियमची. दुकानदार काही म्हणो, ती घेऊ नका. पीळ मारून टेप गुंडाळलेले जोडही नकोत. पहिल्या पावसात ते गंजतात, कोकणात तर खाऱ्या हवेने त्याआधीच.

पट्ट्या नाहीत, कॅमेरा बंद पडत नाही, पण चित्र पांढरट आहे? मग आयआर कुठूनतरी परत येतोय. कॅमेरा छज्जाच्या अगदी खाली किंवा चुन्याच्या भिंतीला चिकटून असेल तर जवळचा पृष्ठभाग भगभगीत होतो, एक्स्पोजर त्यावर बेततं आणि अंगण काळं पडतं. कॅमेरा थोडा पुढे घ्या किंवा वळवा, चौकटीत भिंत नको. डोममध्ये (घुमटाकार कॅमेऱ्यात) लेन्सभोवतीची फोमची किंवा रबरची रिंग काचेला नीट टेकलेली हवी. फट राहिली तर आयआर आतल्या आत लेन्समध्ये शिरतो. डोमवर बोटाचा एक ठसा दिवसा दिसतही नाही, रात्री तिथे धुक्याचा गोळा होतो. वरची फिल्म सगळं काम संपल्यावरच सोला, पण सोला नक्की. कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा रात्री दोरखंडाएवढा दिसतो; महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवायला ग्राहकाला सांगून ठेवा. खिडकीच्या काचेआडून बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याचा आयआर बंद करून बाहेर दिवा लावणं, एवढाच मार्ग आहे.

सेटिंगमध्ये मोजकंच बदला. शटर १/२५ पेक्षा संथ नको. चित्र उजळ दिसतं, पण चालणारा माणूस भुतासारखा पुसट होतो. नॉइज रिडक्शन मध्यम ठेवा, कमाल केलं की माणसामागे शेपूट येते. स्मार्ट आयआर (माणूस जवळ आला की आयआर आपोआप मंद करणारं) चालू. डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात दाखवणारं सेटिंग) रात्री बंद करून बघा, दाणे कमी होतात. बिटरेट (दर सेकंदाला साठणारा डेटा) फार आवळू नका: रात्रीचे दाणे डेटा खातात. २ मेगापिक्सेलला एच.२६५ (व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत) वर २०४८ केबीपीएस ठीक.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, हे मात्र ठासून सांगतो. सेन्सर तेवढाच ठेवून ५ मेगापिक्सेल केले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. त्याऐवजी लेन्स बघा: एफ १.० ची लेन्स एफ १.६ पेक्षा अडीचपट प्रकाश घेते. 'आयआर ३० मीटर' म्हणजे ३० मीटरवर चेहरा ओळखू येईल असं नव्हे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. गेट १५ मीटरवर असेल तर २.८ ऐवजी ६ मिलिमीटर लेन्स घ्या, म्हणजे लांबचा माणूस मोठा दिसतो.

"रात्री असंच दिसतं" म्हणणाऱ्या उस्तादाकडून वायरिंगची सफाई शिका, बिघाड शोधणं नको. मीटर लावायचा कंटाळा न करणारा माणूस मिळाला तर कमी पैशातही त्याच्याकडे राहा.

काम सोपवण्याआधी अंधार पडल्यावर एकदा जागेवर जा. गेटपासून दारापर्यंत कुणाला तरी चालायला लावा आणि चित्र लाइव्हवर नाही, रेकॉर्डिंगमध्ये थांबवून बघा. चेहरा त्या थांबलेल्या चौकटीत ओळखू आला पाहिजे.