सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेण्याआधी

पहिलं काम कागदाचं. मुंबईत शस्त्र परवाना पोलीस आयुक्तालयाच्या हाती असतो. दुनळी बंदुकीचा परवाना आहे म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकही त्यात बसते, असं धरून चालू नका. नेमबाज म्हणून आपल्याला ती घेता येते का, हे परवाना शाखेकडून लेखी कळेपर्यंत विक्रेत्याला बयाणा देऊ नका, तो कितीही खात्रीने बोलला तरी.

मग नियम. ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्यांवर नेम धरायच्या स्पर्धांमध्ये आयएसएसएफला, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाला, १२ बोअरपर्यंतची सेमी-ऑटोमॅटिक चालते, हाताने मागेपुढे ओढून काडतूस भरायची पंप-अॅक्शन चालत नाही. काडतुसात छर्‍यांचं वजन २४.५ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. माझ्या मते सगळी निवड या आकड्यापाशी येऊन थांबते. ही बंदूक रिकामं काडतूस बाहेर टाकून पुढचं आत घेते ते सुटलेल्या गोळीच्याच जोरावर, आणि २४ ग्रॅमच्या हलक्या काडतुसात तो जोर कमी असतो. ८९ मिलिमीटर चेंबरची (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा) बंदूक जड काडतुसांसाठी बनवलेली असते, हलक्यावर ती अडखळू शकते. तेव्हा ७० किंवा ७६ मिलिमीटरचं चेंबर बघा. ‘सगळं चालतं’ या जाहिरातीला भुलू नका.

गॅसवर चालणारी (बारूदाचा गॅस पिस्टनला ढकलतो) की इनर्शियावर (बंदुकीच्या मागे येणाऱ्या धक्क्यावर चालते), हा पुढचा प्रश्न. गॅसची बंदूक खांद्याला मऊ लागते, दिवसभराच्या स्पर्धेत ते फार जाणवतं. मात्र पिस्टनवर काजळी धरते आणि ती नियमाने काढावी लागते. इनर्शियाची आतून स्वच्छ राहते, पण धक्का जास्त देते आणि खांद्याला घट्ट टेकलेली नसेल तर हलक्या काडतुसावर अडकू शकते. नव्याने शिकणाऱ्याला मी गॅसचीच घ्यायला सांगेन.

चाचणी आपल्या स्पर्धेच्या काडतुसांवरच घ्या, दुकानदार देईल त्या जड काडतुसांवर नव्हे. निदान १०० काडतुसं, मधे साफ न करता. दुसरी गोळी प्रत्येक वेळी तयार होते का ते बघा, कारण ट्रॅपच्या पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन गोळ्या मिळतात आणि स्कीटमध्ये काही वेळा दोन तबकड्या एकदम सुटतात. बिघाडाची सवलत एका राऊंडमध्ये, म्हणजे २५ तबकड्यांच्या फेरीत, दोनदाच. तिसऱ्यांदा अडकली तर तबकडी गेली. १०० मध्ये तीन-चारदा अडकणारी बंदूक स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या. जुनी असेल तर हे आणखी काटेकोरपणे करा.

अंगाला बसते का, हे रिकाम्या बंदुकीवर, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) उघडून खात्री केल्यावर आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून तपासा. डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा: नजर नळीवरच्या पट्टीवर सरळ जायला हवी. दस्त्याची उंची आणि कल बदलायच्या चकत्या सोबत येतात का, विचारा. डावखुरे असाल तर डाव्या हाताची आवृत्तीच शोधा, नाहीतर रिकामी काडतुसं डोळ्यासमोरून उडत राहतात. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी छर्रे आवळणारे तुकडे, बदलता येणारे घ्या, स्कीटला मोकळे आणि ट्रॅपला आवळलेले लागतात.

आणि मुंबईची हवा. जून ते सप्टेंबर फोमच्या पेटीत बंदूक ठेवून देऊ नका, फोम ओल धरतो आणि नळीवर गंज चढतो. नळीला तेलाचा पातळ हात, कपाटात सिलिका जेल, आठवड्याला एकदा पुसणं. पिस्टनवर मात्र तेल थापू नका, काजळीत मिसळून त्याचा चिकट गाळ होतो आणि बंदूक त्यानेच अडते. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग आणि रबरी सील इथे मिळतात का, की दर वेळी बाहेरून मागवावे लागतात, हे खरेदीच्या दिवशीच विचारून घ्या. मिळत नसतील तर बंदुकीसोबतच एक संच मागवा.