स्लीपिंग बॅग उबदार, तरी पाठ गार: माझा अनुभव

लक्षण असं: तंबूत झोपल्यावर पोट-छाती उबदार, पण रात्री दोन-तीनला कंबर आणि खांदा गारठून जाग यायची. कूस बदलली की ती बाजू गार. मॅट हवेची, जेमतेम ४०० ग्रॅम, म्हणून हौसेनं घेतलेली.

आधी जास्त उबेची बॅग घेतली. फरक शून्य, अंगाखालचं भरण दबून चपटं होतं, त्यात हवा उरतच नाही. मग मॅट टणक फुगवली, तर होती ती झोपही गेली. दोन मोसम यात वाया गेले, डोकं फिरायची वेळ आली.

चूक फक्त वजन बघून मॅट निवडण्यात होती. बघायची आर-व्हॅल्यू, म्हणजे खाली निसटणारी ऊब मॅट किती अडवते तो आकडा. माझ्या मॅटमध्ये ना भरण, ना ऊब परत फिरवणारी चकाकती फिल्म. आकडा १.३.

जमलं ते असं. जमिनीवर आर-व्हॅल्यू २ ची घडीची फोम मॅट, तिच्यावर हवेची. आकड्यांची बेरीज होते, म्हणून ३.३. हवेची मॅट भरून अर्धा तास तशीच ठेवली. गार होऊन आतली हवा आकसते (मी याला गळती समजून पॅच शोधत बसलो होतो!), तेव्हा दोन-तीन फुंका आणखी. शेवटी कुशीवर पडून, कंबरेचं हाड खाली टेकणार नाही इतपतच हवा सोडली. त्या रात्री थेट उजाडल्यावरच जाग आली.

फोमचं वजन वाढलं, पण काटा टोचायची धास्तीही कमी झाली. नवी मॅट घेताना आकडा एएसटीएम एफ३३४० या मॅटची आर-व्हॅल्यू मोजायच्या प्रमाणित पद्धतीप्रमाणे मोजलेला आहे ना, ते बघा. तसे मोजलेलेच आकडे एकमेकांशी ताडता येतात.