ॲरिझोनातला कोरडा, वाऱ्याचा वसंत: या चुका टाळा

मार्चपासून मेपर्यंत फिनिक्स आणि टुसॉनमधल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांची सुट्टी बघून ग्रँड कॅन्यनच्या सहली ठरतात. हवाही मोठी छान असते. एप्रिलमध्ये फिनिक्सचं कमाल तापमान सरासरी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि नागपूरचा उन्हाळा काढलेल्या माणसाला ते काहीच वाटत नाही. पण या दिवसांतला त्रास उन्हापेक्षा कोरड्या वाऱ्यातून येतो आणि फोनवर दिसणाऱ्या तापमानाच्या आकड्यावरून त्याचा पत्ता लागत नाही.

घाम दिसत नाही म्हणून पाणी न पिणं

दुपारी इथली आर्द्रता कितीदा तरी १० टक्क्यांच्या खाली जाते. मुंबईत बनियन अंगाला चिकटलं की कळतं. इथे घाम येतो, पण वारा तो तिथल्या तिथे उडवून नेतो आणि शर्ट कोरडाच राहतो. फिरून आल्यावर टोपीच्या कडेला हात लावून पाहा, मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते. तेवढं पाणी अंगातून गेलेलं असतं. डोकं जड होणं, उगाच चिडचिड होणं, लघवी गडद होणं या खुणा तहानेच्या आधीही दिसू शकतात.

म्हणून पाणी थोडं थोडं, सारखं प्या. लांब चालायचं असेल तर नुसत्या पाण्यावर राहू नका, मीठही पोटात जायला हवं. ताक, लिंबाचं सरबत, खारे दाणे, काहीही चालेल. आई-बाबांना रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

घोळणा फुटल्यावर मान मागे टाकणं

कोरड्या हवेत नाकाची आतली त्वचा तडकते आणि आल्या आल्या दोन-चार दिवसांत घोळणा फुटतो. आपल्याकडे लगेच मान मागे करून डोक्यावर पाणी थापतात. तसं केल्याने रक्त घशात उतरतं. बसवून थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून १० मिनिटं दाबून ठेवा, मध्येच सोडून बघू नका. २० मिनिटांत थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांकडे न्या. रोज नाकात सलाइनचे थेंब टाकले की हा प्रकार बराच कमी होतो.

सकाळची शांत हवा पाहून दुपारचा बेत आखणं

सकाळी जमिनीलगत गार हवेचा थर असतो, झाडाचं पान हलत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळली जाते आणि वरच्या थरातला जोराचा वारा खाली पोहोचतो. पॅसिफिककडून कमी दाबाचा पट्टा सरकत असेल त्या दिवशी तर दुपारभर झोडपतो. आर्द्रतेचंही तसंच: सकाळचे ३० टक्के दुपारी ८ होतात, हवेतली वाफ तेवढीच असूनही. त्यामुळे अंदाज पाहताना दवबिंदू (हवेत वाफ किती आहे ते सांगणारं तापमान) आणि वाऱ्याचे झोत हे दोन आकडे बघायची सवय लावा. चालायचं असेल तर १०च्या आत आटपा.

धुळीत हॅझार्ड दिवे लावून थांबणं

ही चूक जिवावर बेतते. फिनिक्स ते टुसॉन हा आय-१० महामार्ग पिकाचो पीकजवळ पडीक शेतांच्या मधून जातो आणि वारा सुटला की काही सेकंदांत समोरचं दिसेनासं होतं. अशा वेळी आपण सवयीने हॅझार्ड लावतो. मागून येणाऱ्याला वाटतं की पुढची गाडी चालू आहे. तो त्या दिव्यांच्या रोखाने येतो आणि धडकतो. राज्याच्या परिवहन खात्याची सूचना स्पष्ट आहे: गाडी रस्त्यापासून होईल तेवढी दूर घ्या, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावून ब्रेकवरचा पाय काढा म्हणजे मागचे लाल दिवेही विझतील, आणि पट्टा बांधूनच बसून राहा. पावसाळी वादळातली धूळ बऱ्याचदा तासाभरात ओसरते, वसंतातली मात्र कित्येक तास उडत राहते. इशारा असेल तर निघूच नका.

भारतात परतल्यावर खोकल्याचा संबंध न लावणं

हे मी आवर्जून सांगतो, कारण आपल्या माणसांना याची कल्पनाच नसते. इथल्या मातीत एक बुरशी असते. तिचे बीजाणू धुळीबरोबर श्वासात गेले की काहींना व्हॅली फीव्हर होतो. लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात: ताप, खोकला, प्रचंड थकवा, सांधेदुखी. तोवर आई-बाबा पुण्याला पोहोचलेले असतात. एक्स-रेवर हा आजार न्यूमोनिया किंवा क्षयासारखा दिसू शकतो आणि ॲरिझोनाचं नाव निघालं नाही तर डॉक्टरांना शंका तरी कशी येणार? प्रवासाची माहिती स्वतःहून द्या. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, पण मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर बायकांना जास्त त्रास देऊ शकतो. धुळीच्या दिवशी त्यांनी घरातच राहावं, बाहेर पडावंच लागलं तर एन-९५ मास्क लावावा.

रेड फ्लॅगच्या दिवशी शेगडी पेटवणं

कोरडी हवा आणि जोराचा वारा एकत्र आला की हवामान खातं रेड फ्लॅगचा, म्हणजे आग झपाट्याने पसरू शकते असा इशारा देतं. तो कणसं भाजायचा दिवस नव्हे. १७ एप्रिल २०२२ ला फ्लॅगस्टाफजवळ लागलेला ‘टनेल फायर’ नावाचा वणवा दोन दिवसांनी वाऱ्यावर भडकला, शेकडो घरं रिकामी करावी लागली. वाळक्या गवतावर गाडीही उभी करू नका, सायलेन्सरच्या उष्णतेने ते पेटतं.

फिनिक्सच्या कपड्यांत ग्रँड कॅन्यन गाठणं

फिनिक्स १,१०० फुटांवर, कॅन्यनचा दक्षिण कडा ७,००० फुटांवर. एप्रिलमध्ये तिथे रात्री पारा गोठणबिंदूजवळ येतो, वर कड्यावरचा वारा. स्वेटर, कानटोपी न्याच. उलट खाली दरीत उतराल तसं ऊन वाढत जातं, आणि चढण परतीच्या वाटेवर असते. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर यायचा बेत करू नका.

कूलर लावून खिडक्या बंद ठेवणं

विदर्भातल्या माणसाला हे सांगायला नको. टुसॉनच्या जुन्या घरांत छतावर पाण्याचा कूलर असतो आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो झकास चालतो. मात्र ओलसर हवेला बाहेर पडायला वाट हवी, समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. धूळ उडत असेल तेव्हा कूलर बंद करा, नाहीतर तीच धूळ तो घरात ओढतो. जुलैत मान्सूनची दमट हवा आली की त्याचा जोर उतरतो आणि मग एसीला पर्याय नाही.