शिमुराचे चार सिनेमे गच्चीवर दाखवायचे असतील तर

जपानी नट ताकाशी शिमुरा (१९०५–१९८२) म्हटलं की जो तो ‘सेव्हन समुराय’ मागतो. पहिल्या रात्री तो लावू नका. २०७ मिनिटांचा आहे, आणि जळगाव-धुळ्याकडे थंडीत अकरानंतर गच्चीवर कोणी थांबत नाही. आधी भरिताचं जेवण झालं असेल तर दहालाच डुलक्या सुरू.

सुरुवात ‘ड्रंकन एंजल’ने करा (१९४८, ९८ मिनिटं): दारुडा, तोंडाळ डॉक्टर. मग ‘इकिरू’ (१९५२, १४३ मिनिटं). यात ४७ वर्षांचा शिमुरा कॅन्सर झालेला सरकारी साहेब होतो. मान खाली, आवाज घशातच अडकलेला. शेवटच्या तिसऱ्या भागात नायक मेलेला असतो आणि सहकारी त्याच्या फोटोपुढे पीत बसतात. इथे लोक सिनेमा संपला म्हणून सतरंज्या झटकायला लागतात. आधीच सांगून ठेवा.

नंतर १९५४ची जोडी. ‘समुराय’मध्ये पोराला सोडवण्यासाठी तो भिक्षूचं सोंग घेतो, शेंडी कापून डोकं तासून घेतो. पुढे सिनेमाभर त्या टकलावरून फिरणारा त्याचा हात बघायला सांगा. भाषणाची गरजच उरत नाही. चहा सिनेमातल्याच मध्यंतरात द्या. ‘गोजिरा’ ९६ मिनिटांचा, पोरांसाठी शनिवारी. त्यातला त्याचा शास्त्रज्ञ गोजिरा (म्हणजे गॉडझिला) या राक्षसी जनावराला मारायलाच तयार नसतो.

चारही सिनेमे जवळपास चौरस चौकटीचे. पडदाभर ताणले की चेहरे फुगतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ८ फूट रुंद चित्राला साधारण ६ फूट उंची लागते. खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर ठेवा, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांआड जातं. चादर चारही बाजूंनी ताणून बांधा, वाऱ्याने अक्षरं पोहतात. स्पीकर पडद्याशी, प्रोजेक्टरपाशी नको.

मराठी सबटायटल स्वतः केलं असेल तर फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच सेव्ह करा. नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात. ओळी सुरुवातीपासून सारख्याच पुढे-मागे असतील तर व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जी’ने लवकर, ‘एच’ने उशिरा आणता येतात. पण फरक वाढतच जात असेल तर या बटणांनी भागत नाही: फाइल सेकंदाला २५ फ्रेमची आणि सिनेमा २४चा असेल तर तासाभरात ओळी जवळजवळ अडीच मिनिटं पुढे पळतात. फ्रेमचा वेग बदलून फाइल पुन्हा सेव्ह करा आणि सिनेमाचं शेवटचं वाक्य लावून तपासा. पहिल्या वाक्यावर सगळंच बरोबर वाटतं.

घरासाठी घेतलेल्या डिस्कवर जाहीर खेळ करता येत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी हातात आल्यावरच तारीख सांगा.