फूको लंबक लंबवर्तुळात फिरू लागतो? माझा अनुभव

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी सभागृहात 6 मीटर तारेचा फूको लंबक टांगला होता. पृथ्वी फिरते, म्हणून याच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकताना दिसते. लक्षण असं: झोका सरळ रेषेत सुरू व्हायचा, पण थोड्याच वेळात लंबवर्तुळ व्हायचं आणि झोक्याची दिशा भलत्याच वेगाने सरकायची. जड गोळा लावला, तार बदलली, हुकाऐवजी बेअरिंग बसवलं, फरक शून्य. फार वैताग आला.

दोष टांगण्याच्या जागी होता. हुक असो वा बेअरिंग, लंबक एका दिशेला सहज हलतो, दुसरीला कमी. तपासायला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे वीस-वीस पूर्ण (जाऊन-येऊन) झोक्यांचा वेळ मोजा. 6 मीटरला तो सुमारे 98 सेकंद येतो; दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर आधार असमान आहे.

उपाय याच क्रमाने करा. ड्रिलचा तीन जबड्यांचा चक (ड्रिलचं पातं पकडणारा भाग) तोंड खाली करून लोखंडी तुळईला घट्ट बोल्ट करा. स्प्रिंग स्टीलची तार मधोमध घालून चावीने आवळा. गोळा लावून रात्रभर तसाच सोडा, म्हणजे तारेचा पीळ उतरतो. मग गोळा सुती दोऱ्याने बाजूला बांधा, पूर्ण निश्चल होऊ द्या आणि दोरा उदबत्तीने जाळा. हाताने सोडलात की बाजूचा धक्का बसलाच!

आता पुण्याच्या अक्षांशावर झोक्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तासाला सुमारे 4.8 अंश सरकते. 1851 मध्ये पॅरिसच्या पँथिऑन इमारतीत फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने टांगलेल्या लंबकाची तार 67 मीटर होती. आखूड तारेला ही काळजी जास्तच घ्यावी लागते. तार चकच्या तोंडाशीच झिजते, म्हणून रोज तपासा आणि खाली दोरीचं कुंपण ठेवा.