उवा टिपणारा मासा बोडीत शोधू नका. या चुका टाळा

प्रवाळातला बोटभर निळा मासा मोठ्या माशाच्या जबड्यात शिरून त्याचे कल्ले साफ करतो, हा व्हिडिओ आमच्या धानपट्ट्यात बऱ्याच जणांच्या मोबाइलवर फिरला आहे. बोडीतल्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातल्या, रोहूंना उवा लागल्या तेव्हा गावातल्या एका पोरानं विचारलं, "काका, तो मासा आपल्या बोडीत सोडला तर?" प्रश्न मनापासूनचा होता. पण या आशेपोटी लोक पैसेही घालवतात आणि तलावही, म्हणून लिहितो.

तो मासा म्हणजे क्लीनर रास. अंगावर काळा लांब पट्टा, लांबी जेमतेम 10-12 सेंटिमीटर. लक्षद्वीप, अंदमानच्या प्रवाळात तो सापडतो, पण गोड्या पाण्यात जगत नाही. नॉर्वेत सॅमन माशांच्या उवा काढायला त्याच्या जातभाईंना पाळतात, पण तिथले पिंजरे समुद्रातच असतात.

मग काहीजण शोभेच्या माशांच्या दुकानातून 'सकर' आणतात. ही चूक सगळ्यात महाग पडते. सकर काचेवरचं शेवाळ खरवडतो, उवा टिपत नाही. तलावात सुटला की वाढतच जातो, पाळीत बिळं करतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात तो कधीच सोडू नका. गप्पी माशांकडूनही ही अपेक्षा नको. ते डासांच्या अळ्या खातात, रोहूच्या अंगावरच्या उवा काढत नाहीत.

क्लीनर मासा सेवाभावानं साफसफाई करतो, असं शाळेतल्या मुलांना सांगितलेलं मी ऐकलं आहे. तेही बरोबर नाही. म्हशीच्या पाठीवरचा कावळा आठवा. तो गोचीड टिपतो, पण खांद्याला जखम असली तर तीही टोचत राहतो. या माशाचं तसंच आहे. दुसऱ्या माशांचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांवर तो जगतो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ एका माशानं दिवसाला सरासरी 1,200 किडे खाल्ल्याचं मोजलं गेलं. पण त्याला खरी चव आवडते ती माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची. संधी साधून तो त्याचा लचका तोडतो, तेव्हा मोठा मासा दचकून अंग झटकतो. मग मोठा मासा क्लीनरचा पाठलाग करतो, नाहीतर दुसऱ्या सफाईवाल्याकडे निघून जातो. दुसरे मासे बघत असले तर क्लीनर जास्त इमानदारीनं वागतो, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. त्याला गिळू शकतील अशा शिकारी माशांना तर तो क्वचितच फसवतो. ही व्यवस्था धाकावर आणि गरजेवर उभी आहे, आणि मला ती म्हणूनच जास्त मोलाची वाटते. त्याच बेटाजवळ काही खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षं काढून टाकले, तर तिथले इतर मासे कमी झाले, काहींची वाढही खुंटली. हौसेनं टाकीत ठेवायला तो विकत घेऊ नका. पुरेसा चारा न मिळून तो बहुधा उपाशी मरतो.

आता आपल्या बोडीकडे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ते उवांचं लक्षण समजू नका. बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. उवा लागल्या असतील तर मासे बांबूला, दगडाला अंग घासतात, उड्या मारतात. दोन-चार मासे पकडून पाहा. अर्गुलस ही चपटी, गोल, अर्धपारदर्शक ऊ नुसत्या डोळ्यांनी दिसते, तिच्याखाली माशाच्या अंगावर लाल ठिपका असतो. ती झिंग्यांच्या दूरच्या नात्यातली आहे.

ऊ दिसली की कपाशीवर फवारायचं औषध अंदाजानं बोडीत ओतू नका. तेच पाणी गुरं पितात, आणि उवांआधी मासे मरतात. औषध आणि मात्रा मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याला विचारूनच ठरवा. तोवर एक काम घरच्या घरी होतं. अर्गुलसची मादी अंडी घालायला मासा सोडते आणि पाण्यातल्या कडक वस्तूंवर ती ओळीनं चिकटवते. म्हणून बोडीत बांबूचे तुकडे, फळ्या बुडवून ठेवा, आठवड्यानं काढून पाळीवर कडक उन्हात पूर्ण वाळवा, मगच परत बुडवा.