विद्यार्थी मंडळाला पैसा कुठून येतो, कुठे अडतो: नाशिकच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

जुलैत नवी कार्यकारिणी बसली की पहिला प्रश्न येतो, 'मंडळाच्या खात्यात किती शिल्लक आहे?' बहुतेक मंडळांना स्वतःचं खातंच नसतं. वाङ्मय मंडळ असो, विज्ञान मंडळ असो की रोबोटिक्सचा क्लब, त्याची वेगळी नोंदणी नसते आणि पॅनही नसतो. त्यामुळे पैसा येतो तो कॉलेजच्या नावावर, एखाद्या लेखाशीर्षाखाली (हिशेबातल्या ठरावीक खर्चाच्या सदराखाली), आणि सही चालते प्राचार्यांची. तुमच्या हातात असतो तो फक्त त्या लेखाशीर्षातून खर्च सुचवण्याचा अधिकार. हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे घोळ टळतात.

आपण स्वतः भरलेल्या फीची पावती आधी काढा. जिमखाना, सांस्कृतिक उपक्रम, वार्षिक अंक, विद्यार्थी विकास अशी शीर्षकं त्यावर सुटी दिसतात. नावं कॉलेजागणिक बदलतात, पण मंडळांचा रोजचा पैसा बहुधा यातूनच येतो. लेखा विभागात जाऊन नम्रपणे विचारा की आपलं मंडळ कोणत्या शीर्षाखाली येतं आणि यंदाची तरतूद किती. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे सहज वळवता येत नाही. अंकासाठी गोळा केलेल्या रकमेतून स्नेहसंमेलनाचा मंडप मागितला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघणारच, म्हणून लेखापाल आधीच नाही म्हणतात. त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही.

दुसरा झरा विद्यापीठाचा. नाशिकमधली बरीचशी पारंपरिक आणि अभियांत्रिकी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे येतात आणि त्यांचे नियम वेगळे असतात. पुणे विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे. निर्भय कन्या अभियान, व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा अशा योजनांसाठी कॉलेज प्रस्ताव पाठवतं. हा प्रस्ताव तुम्ही थेट पाठवू शकत नाही, तो विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो. कॉलेजात हे काम कोणत्या सरांकडे किंवा मॅडमकडे आहे, ते पहिल्याच आठवड्यात शोधा. 'कमवा आणि शिका' हीही तिथलीच योजना, पण तिचे पैसे कामाच्या तासांप्रमाणे विद्यार्थ्याला मिळतात. मंडळाच्या कार्यक्रमासाठी ते धरू नका.

राष्ट्रीय सेवा योजनेचं गणित स्वतंत्र असतं. नियमित उपक्रमांचं अनुदान एक आणि सात दिवसांच्या विशेष शिबिराचं दुसरं, दोन्ही स्वयंसेवकांच्या संख्येवर ठरतात. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात शिबिर नेताना नियमित उपक्रमाची उरलेली रक्कम तिकडच्या जेवणावर लावायचा मोह होतो. तसं करू नका, दोन्हींचा हिशेब वेगळा द्यावा लागतो.

आता अंदाजपत्रक, कारण मंजुरी मिळते ती याच कागदावर. 'चहापाणी व इतर 10,000' असं लिहिलेला कागद परत येतो. प्रत्येक ओळीत नग, दर आणि बेरीज हवी. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेचं उदाहरण घ्या. नाश्ता-चहा 120 जणांचा, प्रत्येकी 40 रुपये, म्हणजे 4,800. तीन परीक्षकांचं मानधन प्रत्येकी 1,500, म्हणजे 4,500. सन्मानचिन्हं 6, प्रत्येकी 450, म्हणजे 2,700. प्रमाणपत्रं 60, प्रत्येकी 12, म्हणजे 720. आठ बाय चार फुटांचा फ्लेक्स 32 चौरस फूट, 15 रुपये दराने 480. परीक्षकांचा प्रवास 900. बेरीज 14,100, त्यावर किरकोळ खर्च पाच टक्के म्हणजे 705, एकूण 14,805. दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही शालिमार, मेन रोड फिरून आणा. कागदाच्या खाली मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च लिहिला तर मंजुरी देणाऱ्याला तुलना करता येते, आणि फाईल टेबलावर पडून राहत नाही.

क्रम असा ठेवा. मंडळाच्या सभेत ठराव, त्याचं इतिवृत्त, अंदाजपत्रक जोडलेला अर्ज, प्रभारी प्राध्यापकांची शिफारस, प्राचार्यांची सही, मग आवक-जावक नोंद. अर्जाची सहीशिक्क्याची पोच स्वतःकडे ठेवा. कार्यक्रमाआधी निदान तीन आठवडे अर्ज द्या. मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता लागतो. किती रकमेपासून, ते कॉलेजातच विचारा. तिन्ही दरपत्रकं एकाच माणसाने लिहिल्यासारखी दिसली, किंवा त्यांवरच्या तारखा खरेदीनंतरच्या निघाल्या, तर बिल तिथेच थांबतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'आधी आपण भरू, मग कॉलेज देईल' या भाबडेपणात. मुलं खिशातून हजारो रुपये भरतात आणि मार्चपर्यंत हात पसरत बसतात. खर्चाची मंजुरी खर्चाआधीची हवी, नंतरची नव्हे. रोख लागणारच असेल तर प्रभारी प्राध्यापकांच्या नावाने तसलमात, म्हणजे खर्चासाठी आगाऊ रक्कम, मागा. ती त्यांच्या नावावर चढते आणि हिशेब दिल्याशिवाय उतरत नाही, म्हणून बिलं कार्यक्रमानंतर आठवड्याभरात त्यांच्या हातात द्या. सरांच्या नावावर जुनी तसलमात पडून असेल तर नवी मिळणं अवघड होतं, आणि त्याचा भुर्दंड पुढच्या मंडळाला बसतो.

बिल कॉलेजच्या नावाने हवं. तुमच्या किंवा मंडळाच्या नावाचं चालत नाही. त्यावर क्रमांक, तारीख, वस्तूंचा तपशील, दुकानाचा शिक्का आणि दुकान नोंदणीकृत असेल तर जीएसटी क्रमांक पाहा. चहावाल्याच्या कच्च्या चिठ्ठीऐवजी व्हाउचर करून त्याची सही घ्या. 5,000 रुपयांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही. परीक्षकांच्या मानधनाची पावती त्याच दिवशी छापून न्या, पाहुणे गेले की सहीसाठी दारोदार फिरावं लागतं. मंडप किंवा ध्वनियंत्रणेचं एकच बिल 30,000 च्या वर गेलं तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला जातो आणि पॅन नसेल तर तो 20 टक्के पडतो. दर ठरवतानाच व्यावसायिकाला हे सांगा, नाहीतर पैसे हातात पडल्यावर भांडण होतं. टिकाऊ वस्तू, म्हणजे माईक, मोटर, हत्यारं, जडसंग्रह नोंदवहीत (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढवून त्या वहीचा पान क्रमांक बिलावर लिहून घ्या. हा क्रमांक नसल्यामुळे अडकलेली बिलं लेखा विभागात नेहमी दिसतात.

प्रायोजक शोधायला सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती जवळ आहेत. तिथे जाताना एक फरक लक्षात ठेवा. कंपनीचा फलक लावणार, जाहिरात करणार, तर ते प्रायोजकत्व. देणगी नव्हे. त्यावर करसवलतीची पावती मागितली तर संस्था देऊ शकत नाही. फलकाच्या मोबदल्यातला खर्च कंपनीला सीएसआरमध्येही (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चात) दाखवता येत नाही, कारण व्यावसायिक फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात बसत नाही. सीएसआरचा पैसा कंपनी स्वतः खर्च करते किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत देते आणि त्याला महिने लागतात, दोन आठवड्यांवर आलेल्या कार्यक्रमासाठी तो दरवाजा ठोठावू नका. खरी देणगी हवी असेल तर ती संस्थेच्या खात्यात धनादेशाने किंवा ऑनलाइन घ्या. 2,000 रुपयांहून जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका, मग तो कितीही विश्वासू मित्र असो.

वाहन बनवणाऱ्या अभियांत्रिकी संघांसाठी तर रोख रकमेपेक्षा वस्तुरूप मदत जास्त कामाची. लेझर कटिंग, पाइप बेंडिंग, उरलेला पत्रा, वेल्डिंगचे दोन तास. अंबडचा लघुउद्योजक पंधरा हजारांचा धनादेश देताना हात आखडता घेईल, पण तेवढ्याच किमतीचं मशीनकाम करून देईल. त्यासाठी ड्रॉइंग, मापं, जाडी आणि नगसंख्या घेऊन जा. 'काहीतरी मदत करा' असं म्हटलं तर चहा मिळतो, काम मिळत नाही. वस्तू मिळाली की कॉलेजच्या लेटरहेडवर तपशीलवार पोच द्या.

सभागृह भाड्याने घेताना अनामत रक्कम कोणी भरली तेही नोंदवून ठेवा. परतावा भरणाऱ्याच्याच नावे निघतो. तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला की ते पैसे कॉलेजकडे यायला कोणी उरत नाही.

आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. न खर्चलेली तरतूद सहसा पुढे जात नाही आणि विद्यापीठाच्या अनुदानाला विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), मूळ बिलं, हजेरीपत्रक, छायाचित्रं आणि अहवाल लागतो. त्यात उशीर झाला की उरलेला हप्ता रखडतो. फेब्रुवारीच्या अखेरीस सगळी बिलं आत गेलेली हवीत, कारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लेखा विभागाकडे तुमच्यासाठी वेळ नसतो. एप्रिलमध्ये परीक्षांच्या आधी एक दुपार काढा, दोन्ही कार्यकारिणी समोरासमोर बसवा, आणि फाईल, नोंदवही, प्रायोजकांचे संपर्क व येणं-देणं यांची यादी सही करून पुढच्या अध्यक्षाकडे सोपवा.